परदेशी जोडीदाराचा नागपुरातला मुक्काम: टुरिस्ट व्हिसापासून नागरिकत्वापर्यंत

भारतीय नागरिकाशी लग्न झाले म्हणून परदेशी व्यक्तीला भारतात राहण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. कॅनडा किंवा ब्रिटनमध्ये नवऱ्याने बायकोला अथवा बायकोने नवऱ्याला 'स्पॉन्सर' करण्याची स्वतंत्र पद्धत आहे. भारतात त्या नावाची पद्धत नसली, तरी तेच काम टप्प्याटप्प्याने होते. आधी लग्नाच्या आधारावर एन्ट्री व्हिसा मिळतो, काही वर्षांनी ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड आणि कुणाला हवे असेल तर शेवटी नागरिकत्व. खरी ओढाताण होते ती पहिल्या टप्प्याच्या आधी. नागपूरच्या मुलाशी किंवा मुलीशी लग्न करायला आलेली व्यक्ती बहुधा टुरिस्ट व्हिसावर येते. लग्न लागते, पाहुणे पांगतात आणि मग लक्षात येते की व्हिसाचे थोडेच दिवस उरले आहेत आणि कागद एकही तयार नाही.

व्हिसावर दोन वेगळ्या मुदती असतात. व्हिसा कोणत्या तारखेपर्यंत चालतो ही एक, आणि एका फेरीत सलग किती दिवस राहता येते ही दुसरी. पाच वर्षांच्या टुरिस्ट व्हिसाचा अर्थ पाच वर्षे राहण्याची मुभा असा नाही. बहुतेक देशांच्या नागरिकांना एका वेळी ९० दिवस, तर अमेरिका, ब्रिटन, कॅनडा आणि जपानच्या नागरिकांना १८० दिवस अशी विभागणी रूढ आहे. तरी आपल्या व्हिसावर आणि विमानतळावरच्या शिक्क्यावर जे लिहिले असेल तेच धरून चालावे. ई-टुरिस्ट व्हिसा ३० दिवसांचा, एक वर्षाचा आणि पाच वर्षांचा असा तीन प्रकारांत मिळतो. नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळावर ई-व्हिसाने थेट उतरताही येते. सोय मोठी आहे, पण लग्नासाठी येणाऱ्याने ३० दिवसांचा ई-व्हिसा घेणे म्हणजे अडचण स्वतःहून ओढवून घेणे. त्याचे कारण विशेष विवाह कायद्याच्या हिशेबात पुढे दिसेल.

टुरिस्ट व्हिसाची मुदत साधारणपणे वाढत नाही. अचानक आजारपण आले, विमाने रद्द झाली किंवा नैसर्गिक आपत्ती ओढवली, तर परदेशी नागरिक नोंदणी कार्यालय थोड्या दिवसांची वाढ देऊ शकते. सासूबाईंचा आग्रह, राहून गेलेली सत्यनारायणाची पूजा किंवा 'लग्नाचा दाखला अजून यायचा आहे' ही कारणे त्यात बसत नाहीत. मुदतवाढ आणि व्हिसाचा प्रकार बदलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लग्न झालेल्याच्या उपयोगाची आहे ती दुसरी. टुरिस्ट व्हिसाची मुदत चालू असताना परदेशी व्यक्तीने भारतीय नागरिकाशी लग्न केले, तर तो व्हिसा एन्ट्री व्हिसात बदलून मिळावा असा अर्ज करण्याची मुभा गृह मंत्रालयाच्या नियमांत आहे. या एन्ट्री व्हिसाला कार्यालयीन भाषेत एक्स-२ म्हणतात. त्यासाठी नोंदणीकृत विवाहाचा दाखला लागतो. शिवाय स्थानिक परदेशी नागरिक नोंदणी अधिकाऱ्याचा अहवाल अनुकूल असावा लागतो. हा अहवाल दोघांच्या पूर्ववृत्ताबद्दल असतो, आणि दोघे खरोखर एकत्र राहतात का, सुरक्षेच्या दृष्टीने काही हरकत आहे का, हेही त्यात नोंदवले जाते.

या सगळ्याचा पाया विवाहाचा दाखला, आणि बहुतेकांचे दिवस वाया जातात ते तिथेच. अक्षता पडल्या, सप्तपदी झाली, अल्बम छापून आला, तरी व्हिसाच्या कामात त्याला पुरावा म्हणून फारसे वजन नाही. हिंदू विवाह कायदा १९५५ चा आहे आणि त्याखालच्या लग्नासाठी वधू-वर दोघेही हिंदू असावे लागतात. परदेशी जोडीदार ख्रिस्ती, मुस्लीम किंवा ज्यू असेल आणि त्याने धर्मांतर केलेले नसेल, तर वैदिक पद्धतीने थाटात लागलेले लग्नही या कायद्याखाली वैध ठरत नाही. हिंदू आणि ख्रिस्ती व्यक्तींच्या अशाच एका विवाहाबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये तसा निकाल दिला आहे. अशा जोडप्यांसाठी विशेष विवाह कायदा, १९५४ हा खात्रीचा मार्ग. महानगरपालिकेत होणारी नोंदणी महाराष्ट्राच्या १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली होते. आधीच वैध असलेल्या विवाहाची ती नोंद असते. मुळात अवैध असलेले लग्न त्या नोंदणीने वैध होत नाही.

विशेष विवाह कायद्यात दिवसांचा हिशेब कडक आहे. दोघांपैकी किमान एकजण नोटीस देण्यापूर्वी सलग ३० दिवस त्या जिल्ह्यात राहत असला पाहिजे. नोटीस लागल्यावर हरकतींसाठी ३० दिवस थांबावे लागते आणि नोटिशीच्या तारखेपासून तीन महिन्यांत लग्न लागले नाही, तर नोटीस रद्द होऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. वर किंवा वधू नागपूरची रहिवासी असेल तर पहिले ३० दिवस वाचतात. मात्र नोकरीसाठी पुण्यात किंवा बंगळुरूत राहणाऱ्या मुलाने नुसते आईवडिलांचे घर नागपुरात आहे म्हणून नागपूरचा विवाह अधिकारी गाठला, तर वास्तव्याचा प्रश्न उभा राहतो. नोटिशीचे ३० दिवस कुणालाच चुकत नाहीत. ९० दिवसांच्या मुक्कामातून ते वजा झाले, त्यात सुट्ट्या आणि कागदांची जुळवाजुळव धरली, की व्हिसा बदलण्याच्या अर्जाला महिना-दीड महिना उरतो. ३० दिवसांच्या मुक्कामात तर हे गणित बसतच नाही.

आधी धार्मिक विधीने लग्न केले आणि नंतर तेच विशेष विवाह कायद्याखाली नोंदवायचे ठरवले, तरी घाई होत नाही. कलम १५ खालच्या या नोंदणीसाठी दोघांनीही अर्जापूर्वी ३० दिवस त्या जिल्ह्यात राहिलेले असावे लागते, नोंदणीच्या वेळी दोघांचीही वये २१ पूर्ण असावी लागतात आणि सार्वजनिक सूचनेचे ३० दिवस इथेही आहेतच. म्हणूनच ज्यांना जमत असेल त्यांनी लग्न परदेशात, जोडीदाराच्या देशात नोंदवून यावे. तिथला दाखला त्या देशाच्या नियमाप्रमाणे अपोस्टिल करून आणला की भारतात तो पुढे करता येतो. कॅनडा अपोस्टिल करारात ११ जानेवारी २०२४ पासून सामील झाल्याने तिथल्या कागदांचीही आता हीच रीत आहे. भारतीय नागरिकाचे परदेशातले लग्न आपल्या दूतावासात लावण्यासाठी १९६९ चा परदेशी विवाह कायदा आहेच.

विवाह अधिकाऱ्यापुढे परदेशी व्यक्तीला आपण अविवाहित असल्याचा पुरावा द्यावा लागतो. तो काही देश मुंबईतल्या आपल्या वाणिज्य दूतावासातून देतात, काही देत नाहीत. न देणाऱ्या देशांच्या नागरिकांना प्रतिज्ञापत्रावर काम भागवावे लागते. आधीचा घटस्फोट असेल तर अंतिम हुकूमनामा आणि जोडीदार वारलेला असेल तर मृत्यूचा दाखला लागतो. हे कागद मूळ देशातूनच घेऊन निघावे. सिव्हिल लाइन्समध्ये बसून न्यू जर्सीच्या न्यायालयातून हुकूमनाम्याची प्रत मागवण्यात आठवडे जातात.

दाखला हाती आल्यावर दोन वाटा उरतात. एक म्हणजे भारतातच राहून ई-एफआरआरओ या ऑनलाइन व्यवस्थेतून व्हिसा बदलून घेणे. दुसरी म्हणजे दाखला घेऊन परत जाणे आणि आपल्या देशातल्या भारतीय दूतावासातून एक्स-२ व्हिसा घेऊन येणे. विमानाच्या खर्चामुळे पहिली वाट सगळ्यांना आवडते. पण मुक्कामाचे दिवस कमी उरले असतील किंवा व्हिसा ई-टुरिस्ट प्रकारचा असेल, तर दुसरी वाटच शहाणपणाची. ई-व्हिसाच्या अटींतच त्याची मुदत वाढत नाही आणि प्रकार बदलत नाही असे लिहिलेले असते. त्यामुळे लग्नाच्या अपवादावर विसंबण्यापूर्वी ई-एफआरआरओकडून लेखी उत्तर मिळवून ठेवणे बरे. दूतावासातून मिळणारा एक्स-२ पाच वर्षांपर्यंतचा, अनेक फेऱ्यांचा असू शकतो. त्याची वाट पाहण्याचा काळ जोडीदाराच्या स्वतःच्या घरी जातो, त्यामुळे मुक्काम बेकायदा ठरण्याची टांगती तलवार डोक्यावर राहत नाही.

मुंबई, दिल्ली, हैदराबादसारख्या शहरांत स्वतंत्र प्रादेशिक नोंदणी कार्यालये आहेत. इतरत्र हे काम पोलिसांकडे असते. नागपूर शहरात ते पोलीस आयुक्तालयाकडे, तर काटोल किंवा रामटेकसारख्या भागात नागपूर ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांकडे येते. ई-एफआरआरओ २०१८ मध्ये सुरू झाल्यापासून अर्ज, कागद आणि शुल्क ऑनलाइनच जाते, आणि बोलावणे आले तरच कार्यालयात जावे लागते. अर्जाबरोबर पासपोर्ट, व्हिसा आणि आगमनाच्या शिक्क्याचे पान, विवाहाचा दाखला, भारतीय जोडीदाराचा पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र, निवासाचा पुरावा आणि भारतीय जोडीदाराचे विनंतीपत्र व हमीपत्र ही सामग्री तयार ठेवावी. निवासाचा पुरावा दिसतो तितका सोपा नसतो. घर सासऱ्यांच्या नावावर, महावितरणचे बिल आजोबांच्या नावावर आणि आजोबा हयात नाहीत, अशी स्थिती जुन्या महाल-इतवारीतल्या घरांत सर्रास आढळते. अशा वेळी घरमालकाचे संमतीपत्र, त्याचे ओळखपत्र आणि मालमत्ता कराची पावती जोडावी. भाड्याचे घर असेल तर करार नोंदणीकृत हवा.

घरी परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन कळवावी लागते. आजवर ती 'सी फॉर्म' म्हणून ओळखली जात आली आहे. हा नियम हॉटेलांसाठीच आहे असा समज घरोघरी असतो, पण सुनेच्या किंवा जावयाच्या मुक्कामालाही तो लागू आहे. व्हिसा बदलण्याचा अर्ज करताना ही नोंद नाही असे दिसले, तर पहिला प्रश्न तिथूनच सुरू होतो. पुढची पायरी पोलीस चौकशीची. बीटचा हवालदार किंवा विशेष शाखेचा कर्मचारी घरी येतो, शेजारी विचारपूस करतो, दोघे एकत्र राहतात का ते पाहतो. त्या दिवशी जोडीदारांपैकी एकजण कामासाठी बाहेरगावी असेल तर अहवाल अडकू शकतो. म्हणून अर्ज दाखल झाल्याची पावती आणि मंजूर झालेला व्हिसा एकच मानून कुणीही निर्धास्त होऊ नये. अर्ज मुदतीच्या बराच आधी करावा, आलेल्या शंकेला त्याच दिवशी उत्तर द्यावे आणि मुदत संपेपर्यंत निर्णय झाला नाही तर काय करायचे हे कार्यालयाला लेखी विचारून घ्यावे.

मुदत ओलांडली तर काय होते, हे आता नव्या कायद्याने ठरते. १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अ‍ॅक्ट, २०२५ लागू झाला आणि १९२० चा पासपोर्ट कायदा, १९३९ चा परदेशी नागरिक नोंदणी कायदा, १९४६ चा परदेशी नागरिक कायदा व २००० चा वाहतूकदार जबाबदारी कायदा हे चारही रद्द झाले. व्हिसाची मुदत संपल्यावर राहणाऱ्याला या कायद्याखाली तीन वर्षांपर्यंत कैद, तीन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. दंड भरून मोकळे होता येते हे अनेकांना ठाऊक असते. त्याहून मोठे नुकसान नागरिकत्व कायद्यातल्या एका व्याख्येत दडलेले आहे आणि वकिलाशिवाय ते फारसे कुणी सांगत नाही. वैध कागदांवर आलेली, पण परवानगीच्या मुदतीनंतर राहिलेली व्यक्ती १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार 'बेकायदा स्थलांतरित' ठरते. तशा व्यक्तीला पुढे लग्नाच्या आधारावर नागरिकत्वाची नोंदणी मागता येत नाही. शिवाय ३ डिसेंबर २००४ पासून भारतात जन्मलेले मूल जन्माने भारतीय ठरण्यासाठी आईवडिलांपैकी एकजण नागरिक असून भागत नाही, दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा लागतो. म्हणजे सुनेचा व्हिसा बाळंतपणाच्या गडबडीत संपून गेला, तर मेडिकल कॉलेजमध्ये जन्मलेल्या बाळाच्या नागरिकत्वावरच प्रश्नचिन्ह येते. प्रसूतीची तारीख आणि व्हिसाची तारीख जवळ असेल, तर आधी व्हिसा सोडवावा.

एक्स-२ मिळाल्यावर त्यावर काय छापले आहे ते पुन्हा वाचावे. १८० दिवसांपेक्षा जास्त राहायचे असेल तर बहुधा आगमनानंतर १४ दिवसांत नोंदणी करायची असते. पत्ता बदलला किंवा पासपोर्ट नवा काढला तर तेही कळवावे लागते. हा व्हिसा राहण्यासाठी आहे, त्यावर परस्पर नोकरी धरता येत नाही. मिहानमधल्या कंपनीचे नेमणूकपत्र हातात असले तरी आधी परवानगीचा अर्ज करावा लागतो.

लग्न नोंदवून सलग दोन वर्षे झाल्यावर ओसीआयचा दरवाजा उघडतो. नागरिकत्व कायद्याच्या कलम ७अ नुसार भारतीय नागरिकाच्या किंवा ओसीआयधारकाच्या परदेशी जोडीदाराला, सुरक्षा तपासणीनंतर, हे कार्ड मिळू शकते. टुरिस्ट व्हिसावर भारतात असताना हा अर्ज करता येत नाही, त्यामुळे मधल्या काळात एक्स-२ असणे गरजेचे ठरते. ओसीआय मिळाले की व्हिसाच्या मुदती आणि नोंदणीची दगदग संपते. मतदानाचा हक्क मात्र मिळत नाही, आणि शेतजमीनही विकत घेता येत नाही. संत्र्याच्या बागेत सुनेच्या नावे चार एकर घ्यायचा बेत असेल तर तो इथेच थांबतो. न्यायालयाने विवाह विसर्जित केला तर जोडीदार म्हणून मिळालेले ओसीआय रद्द होऊ शकते. जोडीदार मूळ भारतीय वंशाची असेल, म्हणजे तिचे आईवडील किंवा आजीआजोबा भारतीय नागरिक होते अशी अमेरिकेत जन्मलेली मुलगी असेल, तर तिने लग्नाच्या आधारावर दोन वर्षे थांबण्याचे कारण नाही. वंशाच्या आधारावर ती लग्नापूर्वीही अर्ज करू शकते. मराठी कुटुंबांत अशी लग्ने वाढली आहेत आणि तरी कित्येकजण सवयीने लांबची वाट धरतात.

नागरिकत्वासाठी कलम ५ मध्ये सात वर्षांच्या वास्तव्याची अट आहे. अर्जापूर्वीचे सलग १२ महिने आणि त्याआधीच्या आठ वर्षांपैकी किमान सहा वर्षे भारतात काढलेली असावी लागतात. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे आधीचा पासपोर्ट सोडावा लागतो. ज्यांना म्हातारपणी पुन्हा माहेरच्या देशात जायचे आहे त्यांनी ओसीआयवरच थांबणे पत्करलेले बरे.

पाकिस्तान किंवा बांगलादेशाचे नागरिकत्व स्वतःचे, आईवडिलांचे किंवा आजी-आजोबा, पणजी-पणजोबांचे असेल, तर ओसीआय मिळतच नाही. नागपुरात हा प्रश्न फार जुना आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी जरीपटका वसवला आणि सीमेपलीकडे राहिलेल्या नातलगांची ये-जा पुढेही चालू राहिली. पाकिस्तानातली सिंधी हिंदू कुटुंबे भेटीच्या व्हिसावर आली आणि इथेच राहिली, याची उदाहरणे या वस्तीत घरोघरी आहेत. त्यांच्यासाठी वाट वेगळी आहे, तिला दीर्घकालीन व्हिसा किंवा एलटीव्ही म्हणतात. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातल्या अल्पसंख्याकांना तो मिळू शकतो. भारतीय नागरिकाशी लग्न करून इथे राहणाऱ्या पाकिस्तानी स्त्रीलाही, तिचा धर्म कोणताही असला तरी, तो मागता येतो. २०१६ च्या निर्णयांनंतर अल्पसंख्याक एलटीव्हीधारकांना बँक खाते, पॅन, आधार, वाहन परवाना आणि स्वतः राहण्यापुरते घर घेण्याची मुभा मिळाली. त्याच वर्षी २३ डिसेंबरच्या अधिसूचनेने या समुदायांना नागरिकत्व देण्याचे अधिकार काही निवडक जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना दिले गेले. महाराष्ट्रातून मुंबई, पुणे, ठाणे यांच्याबरोबर नागपूरही त्या यादीत होते.

भेटीचा व्हिसा आणि एलटीव्ही यांच्यातला फरक एप्रिल २०२५ मध्ये ठळकपणे दिसला. २२ एप्रिलच्या पहलगाम हल्ल्यानंतर केंद्राने पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा २७ एप्रिलपासून रद्द केले, वैद्यकीय व्हिसांना २९ एप्रिलपर्यंत मुदत दिली. एलटीव्ही मात्र या आदेशातून वगळले गेले. जे नातलग केवळ भेटीच्या व्हिसावर होते, त्यांना दिवस मोजून निघावे लागले. एलटीव्हीचा अर्ज 'पुढच्या महिन्यात करू' म्हणून ठेवून देणे किती जोखमीचे असते, ते त्या आठवड्यात कळले.

याच कुटुंबांत नागरिकत्व सुधारणा कायद्याबद्दल गोंधळ असतो. २०१९ च्या त्या कायद्याचे नियम ११ मार्च २०२४ रोजी निघाले. ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत भारतात आलेल्या, याच तीन देशांतल्या सहा अल्पसंख्याक समुदायांच्या लोकांना तो लागू आहे आणि त्यात लग्नाची अट नाही. सप्टेंबर २०२५ च्या आदेशात ३१ डिसेंबर २०२४ ही तारीख येते, ती वैध कागदांशिवाय राहिल्याबद्दलच्या शिक्षेतून सूट देण्यापुरती. नागरिकत्वाची तारीख तिने पुढे सरकलेली नाही. जी व्यक्ती २०१८ मध्ये आली तिने एलटीव्ही आणि कलम ५ याच मार्गाने जावे.

नेपाळी आणि भूतानी जोडीदाराला भारतात राहण्यासाठी व्हिसा लागत नाही, म्हणून या लेखातली बरीचशी धावपळ त्यांना नाही. विवाह नोंदणी त्यांनाही करावीच लागते. पुढे नागरिकत्वाचा अर्ज करायचा झाला, तर सात वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा व्हिसाच्या शिक्क्यांशिवाय उभा करावा लागतो. त्यासाठी घरभाड्याचे करार, मुलांच्या शाळेच्या पावत्या, दवाखान्याचे केसपेपर आणि बँकेचे उतारे पहिल्या वर्षापासून तारखेनिहाय लावून ठेवावेत.